वीज आणि जवारी

४ ऑगस्ट, रविवार. पासाडेना
दिवाळी अंकाचं ठरलं. बीटल्स कुणीतरी आधीच घेतलेत. डिलन संपादकांनी स्वतःकडे ठेवलाय. मी बर्ड्‌स घेतले. लॉस एंजेलिसचा बँड. तेही फक्त १९६४ आणि ६५. पुढचं नाही. महिनाअखेर मजकूर हवा.
टीव्हीचा आवाज ४२ वर. बाबांचं म्हणणं, इथले लोक पुटपुटतात.

६ ऑगस्ट
सकाळपासून ‘प्रीफ्लाइट’. ६४ च्या तालमींच्या टेपा. रेकॉर्ड निघाली १९६९ साली. तोवर मूळच्या पाचांतला एकटा मॅग्विन बँडमध्ये उरला होता.
वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओ. दिवसा तिथे पैसे मोजणारे लोक, रात्री ही पोरं. मॅनेजर जिम डिक्सनकडे पैसा नव्हता, पण रात्रीचा स्टुडिओ होता. टेप चालू ठेवायचा आणि मग सगळ्यांना बसवून त्यांचंच गाणं ऐकवायचा. कुठे बेसूर झालात, कुठे लय सुटली. अशी शिक्षा आमच्या गुरुजींनीही कधी दिली नाही.
रविशंकरांच्या रेकॉर्डी अमेरिकेत काढणारी कंपनी हीच. बाबांना सांगायला हवं.

७ ऑगस्ट
सांगितलं. “कोण शंकर?” म्हणाले. पुन्हा मोठ्यानं सांगितलं. “ओरडतीस कशाला?”

९ ऑगस्ट, शुक्रवार
अगदी आधीचं. तिघंच आहेत. मॅग्विन, जीन क्लार्क, क्रॉस्बी. नाव ‘जेट सेट’. तिघंही लोकगीतांच्या गटांतून आलेले. मॅग्विन चॅड मिचेल त्रिकुटात होता, जीन न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्समध्ये. नीटनेटके कपडे, नीटनेटके सूर. आणि तिघांच्याही डोक्यात बीटल्स.
‘द ओन्ली गर्ल आय अडोर’ ऐकलं. साध्या लाकडी गिटारी. गळ्यात लिव्हरपूल, हातात अजून कॉफीहाउस. ऐकताना जरा लाजल्यासारखं होतं. कुणाची शाळेतली वही उघडल्यासारखं.
पण तिघांचे आवाज एकमेकांत मिसळतात ते इथेच, वीज यायच्या आधी. हे लेखात यायलाच हवं.

१० ऑगस्ट
लेकानं विचारलं, “आजोबा माझ्यावर रागावलेत का? मी बोललो तर उत्तरच देत नाहीत.”

१२ ऑगस्ट, सोमवार
दुपारी सव्वाबाराच्या सुमारास भूकंप. ४.४. केंद्र अगदी जवळ. काचा खणखणल्या, कपाटातली भांडी वाजली. बाबा टेबलावर हात ठेवून बसले होते. माझ्या आधी त्यांना कळलं. “हलतंय,” म्हणाले. काचांचं विचारलं तर, “कसल्या काचा?”

१३ ऑगस्ट
हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. ‘मिस्टर टँबुरिन मॅन’, ६४ चं, प्रीफ्लाइटमधलं. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग, “पोलिसांची परेड हाय का?”
अगदी बरोबर. ड्रम तसाच वाजतो, संचलनाचा. मायकल क्लार्क अठरा वर्षांचा पोरगा, केस छान म्हणून घेतलेला. सुरुवातीला ड्रमसेटही नव्हता, पुठ्ठ्याची खोकी बडवायचा. हिलमन मूळचा मँडोलिनवाला, ब्लूग्रासचा. त्याच्या हातात बास दिला आणि म्हणाले, वाजव. पुढे एका बाईंनी वाद्यांसाठी ५००० डॉलर घातले.
डिलननं हे गाणं जून ६४ मध्ये रॅम्ब्लिन जॅक एलियटला बरोबर घेऊन ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि मग अल्बममधून वगळलं. ती प्रत डिक्सननं मिळवली. पोरांना गाणं पसंत नव्हतं, क्रॉस्बीला तर मुळीच नाही. डिक्सन हटला नाही.

१५ ऑगस्ट
संपादकांची मेल. लेख न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवापासून सुरू करा, म्हणतात. डिलन, इलेक्ट्रिक गिटार, प्रेक्षकांची हुर्यो. २५ जुलै १९६५. वाचकाला तो प्रसंग माहीत असतो, पटकन आत येतो.
पण बर्ड्‌सचं ‘मिस्टर टँबुरिन मॅन’ २६ जूनलाच बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. न्यूपोर्टच्या महिनाभर आधी. ही वीज एका संध्याकाळी पडली नाही. भाड्याच्या नसलेल्या स्टुडिओत, रात्री, चुका ऐकत ऐकत आली.
उत्तर लिहिलं नाही अजून.

१७ ऑगस्ट, शनिवार
बाबांना कान तपासायला नेलं. ‘डॉक्टर चांगली आहे, मराठी आहे’ असं खोटं सांगून. ती मराठी नव्हती, पण चांगली होती.
आलेख दाखवला. डावीकडून ठीकठाक चालत येतो. २००० हर्ट्‌झच्या पुढे उतार, ४००० ला दरीच. दोन्ही कान सारखे. वयाचं आहे, म्हणाली. आधी वरचे स्वर जातात. स, श, फ ऐकू येत नाहीत, म्हणून लोक पुटपुटतात असं वाटतं.
बाबा कागदावर बोट ठेवून, “ह्यात जवारी कुठं असती?”
तिला प्रश्न कळला नाही. मी भाषांतर केलं नाही.
गाडीत गप्प.

रात्री
मिरजेच्या गल्लीत पन्नासेक वर्षं कानस चालवली ह्या माणसानं. घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्शून जावी. तो स्पर्श म्हणजे जवारी. सतारीचा सगळा झंकार वरच्या स्वरांत, नेमका त्या उतारापलीकडे.
काही वर्षांपूर्वी बाबांनी दुकानात बसणं सोडलं. डोळे दिसत नाहीत, असं आम्हाला सांगितलं होतं. पेपर अजूनही चष्म्याशिवाय वाचतात.

१८ ऑगस्ट, रविवार
मॅग्विनची गिटार. त्यानं बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’ सिनेमा पाहिला, हॅरिसनच्या हातातली बारा तारांची रिकनबॅकर पाहिली. जाऊन आपली लाकडी बारा तारांची गिटार आणि लांब मानेचा बँजो दिला, रिकनबॅकर घेतली. बँजो बॉबी डॅरिननं दिलेला होता.
बँजो गेला, बोटं राहिली. उजव्या हाताच्या एका चिमटीत चपटी पिक, दुसऱ्या दोन बोटांवर धातूच्या नखोल्या. शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूलमधली लोकसंगीताची शिस्त. इलेक्ट्रिक वाजवणारे इतर लोक तारा झोडपत होते, हा बँजोसारखी एकेक तार वेचत होता. बर्ड्‌सचा आवाज ह्या गैरसमजातून आला, असं माझं मत. त्यानं इलेक्ट्रिक गिटारला बँजोच मानलं.
आणि एक. एरवीच्या बारा तारांच्या गिटारीत खालून वर मारताना नव्हे, वरून खाली येताना आधी बारीक तार लागते. रिकनबॅकरमध्ये जोडी उलटी, आधी जाडी. लहानशी गोष्ट, पण आवाज फिरतो. वरची वाक्यरचना सुधारायची.

१९ ऑगस्ट
पाऊस नाही, वारा नाही. श्रावण कॅलेंडरवरच.

२१ ऑगस्ट, बुधवार
लेकानं मित्राची बारा तारांची गिटार आणली. लाकडी, साधी. बाबांनी चहा बाजूला ठेवला. मान वर करून सरळ आहे का पाहिलं, डोळा मिटून, तिरळं. पोट वाजवलं. तारा मोजल्या.
“तरफा कुठायत?”
“तरफा नसतात, आजोबा. सगळ्या वाजवायच्याच.”
“मग जोड्या कशाला?”
लेक सांगू लागला, मोठ्यानं, मराठीत अडखळत. खालच्या चार जोड्यांत एक तार वरच्या सप्तकातली. शेवटच्या दोन्हींत सारख्या. दोन तारा अगदी तंतोतंत लागत नाहीत, म्हणून लहरतात. बाबांनी मान डोलावली. एवढं बोलणं दोघांत बऱ्याच दिवसांनी.
एक तार तिसऱ्या पडद्यावर चरचरत होती. लेक म्हणाला, बझ आहे, दुरुस्त करून घ्यायला हवं. बाबांना ते ऐकू आलं नाही. बोट ठेवल्यावर मात्र कळलं. मग हसू लागले.
“जी आणायला आम्ही दिवस दिवस बसतो, ती हे लोक पैसे देऊन घालवत्यात.”

२२ ऑगस्ट
कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. लेखात घालता येणार नाही. घालावंसं वाटतंय.

२३ ऑगस्ट
२० जानेवारी १९६५, ‘मिस्टर टँबुरिन मॅन’. कोलंबियाचा हॉलीवूडमधला स्टुडिओ. निर्माता टेरी मेल्चर, वय २२, डोरिस डेचा मुलगा. त्याला ह्या पोरांच्या वाजवण्यावर भरवसा नव्हता. धंदेवाईक वादक बोलावले. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टल, गिटारवर जेरी कोल, इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल. बर्ड्‌सपैकी वाजवलं एकट्या मॅग्विननं. जीन आणि क्रॉस्बी फक्त गायले. हिलमन आणि मायकल त्या रेकॉर्डवर नाहीतच.
लोक हे कुचेष्टेनं सांगतात. मला प्रीफ्लाइटची टेप ऐकल्यावर मेल्चरचा राग येत नाही. ती परेड रेडिओवर चालली नसती. अल्बममधलं बाकीचं बहुतेक सगळं मग पोरांनी स्वतः वाजवलं, आणि नीट वाजवलं.
डिलननं स्वतःचं गाणं १५ जानेवारीला पुन्हा मुद्रित केलं होतं. पाच दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये. त्याचं साडेपाच मिनिटं, चार कडवी. ह्यांनी एकच कडवं ठेवलं. अडीच मिनिटांच्या आत संपतं. मॅग्विननं ठेका बदलला, दोनाचा चाराचा केला. सुरुवातीचा तुकडा बाखवरून सुचलेला.
कवितेचे लचके तोडले असं म्हणणारे तेव्हाही होते. पण चारही कडवी ठेवली असती तर ते डिलनच्या मागे लपून गायले असते.

२४ ऑगस्ट, शनिवार
मशीन आणलं. दोन्ही कानांचं. बाबांनी आरशात पाहिलं. “म्हातारा दिसतोय.” वय ७८.
घरी येऊन भांडी घासली तर दचकले. कागद चुरगळला तर दचकले. “सगळं पत्र्याचं वाजतंय.”

२५ ऑगस्ट
मशीन खणात.

२६ ऑगस्ट
मशीनची माहितीपुस्तिका वाचून काढली, बाबा वाचणार नाहीत म्हणून. कॉम्प्रेशन. हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा कमी. म्हणजे दोन्ही कानाच्या पट्ट्यात बसतात.
मॅग्विनच्या गिटारीवर नेमकं हेच. कोलंबियाचा ध्वनिमुद्रक रॉक अँड रोलच्या दणक्यानं आपली यंत्रं जळतील म्हणून सगळ्यावर कॉम्प्रेसर लावायचा, असं मॅग्विन सांगतो. यंत्र वाचवायला केलेली गोष्ट. तारेचा पहिला ठोका दाबला जातो, मागची शेपटी उचलली जाते. सूर मरत नाही, चालत राहतो. लाकडी गिटार छेडली की लगेच विझते. ही विझेना.
सगळे म्हणतात, वीज आली आणि आवाज मोठा झाला. मोठा करणं सोपं होतं. लांब झाला, ते महत्त्वाचं. लांब सुरावर तीन गळे टेकून उभे राहू शकतात. ६४ च्या टेपांत गळे तेच आहेत, टेकायला काही नाही.
लेख सापडला बहुतेक.

२८ ऑगस्ट
लिहिते आहे. पोळ्या कालच्याच.

३० ऑगस्ट
मजकूर पाठवला. न्यूपोर्ट शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका वाक्यात.

३१ ऑगस्ट, शनिवार
बाबांना सनसेट बुलेव्हार्ड दाखवायला नेलं. ‘सिरोज’ची जागा. मार्च ६५ मध्ये बर्ड्‌स इथे वाजवायचे, लोक नाचायला यायचे. लोकगीतवाल्यांच्या मैफलीत नाचणं म्हणजे पापच तोवर. डिलनही येऊन गेला. ह्यावर नाचता येतं की, असं तो त्याआधीच, वर्ल्ड पॅसिफिकमध्ये ऐकून, आश्चर्यानं म्हणाल्याचं सांगतात. आता तिथे विनोदवीरांचं थिएटर, ‘कॉमेडी स्टोअर’. काळ्या भिंतींवर नावंच नावं.
बाबा म्हणाले, बसायला जागा नाही का कुठं.
रहदारीत मशीन नव्हतं कानात. खिशात मात्र होतं. विचारलं नाही मी.

२ सप्टेंबर, सोमवार
सुट्टी. जॅझवाल्या कोल्ट्रेनचं ‘इंडिया’ लावलं. १९६१, व्हिलेज व्हॅनगार्ड. खाली दोन बास, षड्‌ज धरून बसल्यासारखे. नोव्हेंबर ६५ च्या दौऱ्यात बर्ड्‌सच्या गाडीत एकच टेप वाजायची. एका बाजूला कोल्ट्रेन, दुसऱ्या बाजूला रविशंकर. रविशंकर क्रॉस्बीला कळले ते डिक्सनमुळे, त्या वर्ल्ड पॅसिफिकमुळे. त्यातून त्यांचं ‘एट माइल्स हाय’ हे गाणं. आधी २२ डिसेंबरला आरसीएच्या स्टुडिओत केलं. परक्या स्टुडिओतलं चालणार नाही, असं कोलंबियानं सांगितलं. जानेवारीत पुन्हा. दोन्ही लागोपाठ ऐकली. पहिलं जास्त मोकळं वाटलं मला. क्रॉस्बीचंही मत तेच होतं.
न्यूयॉर्कला वार्ताहरांसमोर मॅग्विन आणि क्रॉस्बी सतार घेऊन बसले. ‘रागा रॉक’ म्हणे. रेकॉर्डवर सतारीची एकही तार नाही. सगळं त्या रिकनबॅकरवरच.
फोटो बाबांना दाखवला. सतार कशी धरलीय, एवढंच पाहिलं. “पडंल ती.”
हे बरंचसं ६६ मधलं. माझ्या हद्दीबाहेरचं. तरी लेखात एक परिच्छेद घुसवायला सांगणार आहे.

५ सप्टेंबर
उष्णता. अंगणातली तुळस गेली. एसीच्या घरघरीत बाबांना माझं बोलणं अजिबात कळत नाही, मशीन लावून तर नाहीच. घरघर आधी उचलतं ते.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी
मंडळात आरती. झांजा सुरू झाल्या आणि बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग मशीन काढून माझ्या हातात. नंतर टाळ्या नीट वाजवल्या, लयीत.
जेवताना एक गृहस्थ बाबांजवळ येऊन बसले. मिरजेची सतार आहे त्यांच्याकडे, इथे वीस वर्षं पडून. “बोलतच नाही हो.” इथल्या कुणाला घोडी दाखवायची? मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचंही त्यांना माहीत होतं. बाबा म्हणाले, मी सोडलं ते काम. डोळे गेले.
मी ताटातल्या मोदकाकडे पाहत राहिले.

८ सप्टेंबर
गृहस्थ सतार घेऊन दारात. बाबांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. सतार दिवाणावर ठेवून गेले.

९ सप्टेंबर
खोळ उघडली. घोडी सांबरशिंगाची, जुनी. तारांनी खोल खाचा पाडल्यात. भोपळा शाबूत. बाबांनी हात फिरवला, खोळ पुन्हा घातली.

१० सप्टेंबर, मंगळवार
संपादकांचा फोन. पुण्यात सकाळ, इथे रात्र. लेख आवडला, पण कॉम्प्रेशनचा भाग काढू या म्हणाले, तांत्रिक आहे. आणि सुरुवात न्यूपोर्टनं. मी म्हटलं, सुरुवात तुम्ही बदला, कॉम्प्रेशनला हात लावू नका. बरंच बोललो. ते म्हणाले, वाचकाला काय त्याचं? मी म्हटलं, वाचकाच्या आईवडिलांच्या कानात असतं ते. क्षणभर शांत. मग, “ठीक आहे, पण अर्धा करा.”
अर्धा केला.

१२ सप्टेंबर
जीनबद्दल काहीच लिहिलं गेलं नाही. पहिल्या दोन वर्षांतली उत्तम गाणी त्याची. गिटार क्रॉस्बीनं घेतली, ह्याच्या हातात टँबुरिन उरलं. ६६ च्या सुरुवातीला बँड सोडून गेला. विमानाची भीती. प्रीफ्लाइटवर ‘हिअर विदाउट यू’ म्हणतो तेव्हा सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो. दोन वाक्यं वाढवून पाठवली. संपादक वैतागतील.

१४ सप्टेंबर, शनिवार
दुपारी उठले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, सतार आडवी. बाबांच्या कानात मशीन, डाव्या. उजवा मोकळा. लेक समोर, फोनवर कसलंसं ॲप उघडून. तार छेडली की पडद्यावर रंगांच्या पट्ट्या वर चढतात. लेक बोटानं दाखवतो, “इथपर्यंत आलं, आजोबा.” बाबा घोडी काढतात, घासतात, बसवतात, तार चढवतात. पुन्हा छेडतात. ह्याला तासन्‌तास लागतात.
“मशीन काय सांगतं?” मी विचारलं.
“खोटं बोलतंय. पण रोज एकसारखं खोटं बोलतंय. अंदाज बांधता येतो.”
“आणि पट्ट्या?”
“त्या ह्याला कळत्यात. मला हा सांगतोय.”
मग मला म्हणाले, तुझ्या त्या पोरांचं लाव, परेडवालं नको, दुसरं. २० जानेवारीचं लावलं. सुरुवातीचा तुकडा ऐकला. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. मान एकीकडे कलती.
“जवारी खुली हाय.”
लेकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नंतर सांगते.

१५ सप्टेंबर, रविवार
संपादकांची मेल. जीनची वाक्यं ठेवली. शीर्षक बदललंय, विचारलं नाही.
बाज आणि जोड लागले, खर्ज अजून बसत नाही. शिंगाचा एक कोपरा फार मऊ आहे, म्हणतात बाबा. झीरो नंबरचा पॉलिशपेपर हवाय, आणि आपली कानस मिरजेहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी मागवायची. जाड नको, ती मधली, लाकडी मुठीची. धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणतो, ती कधीच विकली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी दुकानात जाऊन काय मिळतं पाहते. ते नवाला बंद होतं.